जुनी जर्मन गाडी मुंबईत पोसता येते का? (बजेट साडेसात लाख)

बेस्टचा_प्रवासी

नमस्कार मंडळी. राहायला बोरिवली, ऑफिस बीकेसी. घरात एक वॅगन-आर आहे, ती बायकोच्या ताब्यात. दुसरी गाडी घ्यायचं ठरलंय. बजेट साडेसात लाख, वर एक रुपया नाही. एवढ्यात नवी घ्यायची म्हटली तर छोटी हॅचबॅक येते. जुन्या बाजारात मात्र त्याच पैशांत दहा-अकरा वर्षांची स्कोडा ऑक्टाव्हिया, फोक्सवॅगन जेट्टा, नशीब असेल तर बीएमडब्ल्यू थ्री सीरीज किंवा मर्सिडीज सी-क्लाससुद्धा दिसते.

रविवारी मालाडला एका डीलरकडे एक बघून आलो. दार लावल्यावर असा काही 'धप्प' आवाज आला की मी ते परत उघडून परत लावलं. डीलर गालातल्या गालात हसत होता. पेंट चकाचक, मीटरवर ७० हजार किमी, सेकंड ओनर.

घरी सांगितल्यावर सासरे म्हणाले, "घेताना हसाल, नंतर दर सहा महिन्यांनी रडाल." ते जन्मभर मारुतीवाले, त्यामुळे त्यांचं मत थोडं बाजूला ठेवतो. मुंबईत ज्यांनी जुनी युरोपियन गाडी स्वतःच्या खिशातून चालवली आहे त्यांनी सांगा, वर्षाचा खर्च खरा किती येतो?

रातांबा

एका वाक्यात: घेऊ नका. दोन वाक्यांत: घेऊ नका, सासऱ्यांचे पाय धरा.

आकडेमोडे

प्रवासी, गाडी चाळीस लाखांची होती ती सात लाखांवर आली, इथपर्यंत ठीक. पण तिचा हेडलॅम्प सात लाखांच्या गाडीचा झालेला नाही. गाडीची किंमत दरवर्षी उतरते, पार्टची दरवर्षी चढते. बाजारात ती स्वस्त मिळते ती नेमकी याच कारणाने. आधीच्या मालकाने पुढच्या दोन वर्षांच्या खर्चाचा अंदाज घेतलाय आणि म्हणूनच तो विकतोय.

माझ्याकडे बरीच वर्षं एक जर्मन डिझेल सेडान होती, ऑटोमॅटिक. ब्रँड लिहीत नाही, भक्तमंडळी तुटून पडतात. ज्या वर्षी 'काही झालं नाही' त्या वर्षी साठ-सत्तर हजार जायचे. म्हणजे बाहेरच्या गॅरेजात ऑइल-फिल्टरची सर्व्हिस, ब्रेक पॅड आणि विमा, बस. ज्या वर्षी काही झालं त्या वर्षी दोन लाखांच्या वर. रनफ्लॅट टायर (हवा गेली तरी थोडं अंतर चालणारे) एकेक वीस हजारांच्या आसपास, आणि आपल्या रस्त्यांवर साइडवॉलला फुगा यायला एक खड्डा पुरतो. डिकीत स्टेपनी नाही. पंक्चरवाला रनफ्लॅटला हात लावायला तयार नाही.

आणि टेललॅम्प. पहिल्या पावसात आत वाफ धरली, मग अर्धी पट्टी विझली. मी म्हटलं बल्ब असेल. बल्ब नसतोच, एलईडीचं सीलबंद युनिट. पूर्ण लाइट बदला, चाळीस हजारांच्या वर. तेवढ्यात माझ्या भावाच्या अल्टोचं इंजिनकाम होऊन वर पेढे वाटता आले असते.

माझं गणित असं: गाडी कितीला मिळतेय ते विसरा. ती नवी असताना कितीला होती ते बघा आणि त्याचे चार-पाच टक्के दरवर्षी बाजूला काढा. बजेट साडेसात असेल तर गाडी पाचची बघा आणि अडीच बँकेत ठेवा. साडेसातची गाडी घेऊन खिसा रिकामा झाला तर पहिला मोठा पार्ट गेला की गाडी सोसायटीत कव्हर घालून उभी राहते. आमच्या कॉम्प्लेक्समध्ये अशा तीन आहेत.

चौथा_गिअर

आला निराशावाद्यांचा जथा. अहो, एक्सप्रेसवेवर शंभराच्या वेगाला जी स्थिरता त्या गाड्या देतात ती त्याच पैशांच्या नव्या डब्यात मिळणार आहे का? मी फोक्सवॅगन पोलो चालवतो, चाकणला बनलेली. २०१० ते २०२२ बारा वर्षं ती कार इथे विकली गेली, रस्त्यावर ढिगाने आहेत, पार्ट मिळतात. सगळ्या युरोपियन गाड्यांना एकाच माळेत ओवू नका.

रातांबा

पोलो म्हणजे जर्मन आडनावाची पुणेकर. :)

ऑइलपाना

साकीनाक्याला माझं गॅरेज आहे, निम्म्याहून जास्त काम याच गाड्यांचं. म्हणजे धंद्याच्या दृष्टीने मी 'घ्या' म्हणायला हवं. पण खरं सांगतो.

पहिलं, गिअरबॉक्स बघून गाडी घ्या, बॅज बघून नाही. ऑक्टाव्हिया १.८ टीएसआय आणि पोलो जीटी टीएसआयमध्ये (टीएसआय म्हणजे टर्बो पेट्रोल) सात गिअरचा डीएसजी आहे, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, डीक्यू२०० नावाचा. याचे दोन्ही क्लच कोरडे, तेलात बुडालेले नाहीत. मोकळ्या रस्त्यावर झकास चालतो. पण वेस्टर्न एक्सप्रेसवर संध्याकाळी सात वाजता तुम्ही ब्रेक अर्धवट सोडून इंच इंच सरकत असता तेव्हा क्लच सतत घासत असतो, तापतो. मग पहिल्या-दुसऱ्यात थरथर सुरू होते. दुसरं दुखणं मेकाट्रॉनिकचं, म्हणजे गिअर बदलणारा मेंदू आणि हायड्रॉलिक्स एकत्र असलेला भाग. तो गेला की दीड लाखापासून पुढे. या प्रकारच्या गिअरबॉक्ससाठी २०१३ साली चीनमध्ये फोक्सवॅगनला पावणेचार लाखांहून जास्त गाड्या परत बोलवाव्या लागल्या होत्या, तेव्हा हे माझ्या मनचं नाही.

जेट्टा आणि ऑक्टाव्हियाच्या टू-लिटर डिझेलमध्ये सहा गिअरचा ओला डीएसजी येतो. तो दणकट. पण त्याचं ऑइल आणि फिल्टर दर ६० हजार किमीला बदललेलं हवं. बिल मागा. "केलं असेल ना साहेब" हे बिल नव्हे.

बीएमडब्ल्यूचा झेडएफ आठ गिअरवाला बॉक्स उत्तम. त्याचं ऑइल 'लाइफटाइम' म्हणून सांगतात, पण बॉक्स बनवणारी झेडएफ स्वतः ८० हजार ते १ लाख २० हजार किमीदरम्यान बदलायला सांगते. मात्र जुन्या ३२०डी मध्ये एन४७ इंजिन असेल तर टायमिंग चेनचा आवाज थंड इंजिनवर कान लावून ऐका. ती चेन इंजिनाच्या मागच्या बाजूला, गिअरबॉक्सकडे आहे. बदलायची म्हणजे इंजिन किंवा बॉक्स खाली. चेन स्वस्त, मजुरी महाग, आणि तुटली तर इंजिनच गेलं.

दुसरं, प्लास्टिक. लोक इंजिनाला घाबरतात. मला विचाराल तर मुंबईत या गाड्या कूलिंगने मरतात. परवाच एक टर्बो पेट्रोल आली. मालकाची तक्रार एवढीच, की कूलंट थोडं थोडं कमी होतं, खाली मात्र थेंब नाही. इनटेकच्या खाली टॉर्च मारली तर थर्मोस्टॅट हाऊसिंगच्या कडेला गुलाबी पापुद्रा. कूलंट गळतं, गरम इंजिनावर तिथल्या तिथे सुकतं, म्हणून थेंब दिसत नाही. पाइप सोडवायला अंगठा लावला तर हाऊसिंगचा कान बिस्किटासारखा तुटून हातात आला. दहा वर्षं गरम-थंड होऊन प्लास्टिक कडक झालेलं. मालक दर आठवड्याला वरून बिसलेरी ओतत होता. असंच दोन महिने चाललं असतं तर इंजिन तापून सिलिंडर हेडच उचलावं लागलं असतं.

तिसरं ऑइल. कंपनी १५ हजार किमी म्हणते ते जर्मनीच्या हायवेवर. बोरिवली ते बीकेसी एवढ्या अंतरात इंजिन किती वेळ नुसतं सुरू राहतं विचार करा. सात-आठ हजाराला बदला. आणि डब्यावर फक्त ५डब्ल्यू-४० असा ग्रेड बघून नाही, त्या कंपनीचं अप्रूव्हल लिहिलेलं बघून.

बेस्टचा_प्रवासी

ऑइलपाना दादा, दंडवत. मालाडची ती ऑक्टाव्हिया १.८ टीएसआयच आहे.

ऑइलपाना

मग सोसायटीच्या रॅम्पवर रिव्हर्समध्ये अगदी हळू चढवून बघा. धक्का किंवा थरथर जाणवली तर दार कितीही धप्प वाजू दे, निघून या.

पद्मिनीवाले_काका

तुम्ही सगळे तरुण 'युरोपियन गाडी मुंबईला सोसत नाही' म्हणताय याची गंमत वाटते. या शहराने जवळपास सहा दशकं युरोपियन गाडीच टॅक्सी म्हणून चालवली. प्रीमियर पद्मिनी म्हणजे इटलीच्या फियाट ११००चं इथलं रूप, कुर्ल्याच्या कारखान्यात बनायची. १९६४ मध्ये डिलाइट म्हणून आली, पुढे पद्मिनी झाली. शेवटची काळीपिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. तिला स्कॅनर लागत नव्हता. पाना, पक्कड, तांब्याची तार आणि शिव्या एवढ्यावर चालायची. कार्ब्युरेटर आमच्या गल्लीतला इस्त्रीवालासुद्धा साफ करून द्यायचा.

प्रश्न युरोपचा नाही हो, गाडीतल्या कॉम्प्युटरचा आहे.

आकडेमोडे

काका, एक दुरुस्ती: प्रश्न कॉम्प्युटरचाही नाही, संख्येचा आहे. पद्मिनी घराघरात होती म्हणून नाक्यानाक्यावर तिचा मेकॅनिक आणि पार्ट होता. आज ते भाग्य स्विफ्टचं.

पद्मिनीवाले_काका

मान्य. पण इस्त्रीवाल्याचं खरं आहे.

हिंदमाता_हाऊसबोट

दादरला राहते, नाव उगाच घेतलेलं नाही. पावसाबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहिते.

माझी सेडान (तीही जर्मन, दुसऱ्या हाताची) दोन पावसाळ्यांपूर्वी गुडघाभर पाण्यात बंद पडली. टोइंगवाला येईपर्यंत शेजारच्या काकांनी प्रेमाने पाच-सहा वेळा स्टार्टर मारला. इनटेकमधून पाणी सिलिंडरमध्ये गेलं होतं. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकला. विमा कंपनीने सांगितलं, इंजिन प्रोटेक्ट ॲड-ऑन नाही, साध्या पॉलिसीत हे बसत नाही. सर्व्हिस सेंटरचा अंदाज गाडीच्या आयडीव्हीच्या (विम्यात धरलेल्या किमतीच्या) निम्म्याहून जास्त. शेवटी बाहेर काम करून घेतलं.

तर मंडळी: जुन्या गाडीला इंजिन प्रोटेक्ट मिळतो का हे गाडी घेण्यापूर्वी विचारा. गाडी अमुक वर्षांपेक्षा जुनी झाली की बऱ्याच कंपन्या झिरो डेप (पार्टची घसारा न कापता भरपाई) आणि हे ॲड-ऑन द्यायला नाही म्हणतात. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, तो माणसाचा असतो. पॉलिसी १४ दिवसांत स्वतःच्या नावावर करून घ्या. आणि पाण्यात बंद पडली तर किल्ली खिशात घाला, शेजारच्या काकांना चहाला पाठवा.

दुसरं म्हणजे, मिलन सबवे, हिंदमाता, गांधी मार्केट इथे ज्या गाड्या बुडतात त्या दिवाळीपर्यंत पॉलिश होऊन कुठेतरी विकायला उभ्याच असतात. सीटबेल्ट पूर्ण शेवटपर्यंत ओढून बघा, गाळाची रेघ तिथे राहते. सीटच्या रुळांचे बोल्ट गंजलेत का बघा. मॅट नव्हे, खालचा कार्पेट उचला. काही जर्मन गाड्यांची इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल सीटखाली किंवा डिकीच्या तळाशी असतात. ती एकदा भिजली की सहा महिन्यांनी भुतं नाचायला लागतात. काच आपोआप खाली, हॉर्न आपोआप.

रातांबा

हॉर्न आपोआप हे मुंबईत फीचर आहे.

बेस्टचा_प्रवासी

ताई, सीटबेल्टचं माहीत नव्हतं. आता एक प्रश्न: कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जायचं की बाहेर? आणि पार्टसाठी लोक कुर्ला कुर्ला करतात ते कितपत खरं?

आकडेमोडे

सर्व्हिस सेंटरला मी दोन कामांसाठी जायचो: रिकॉल आणि सॉफ्टवेअर. बाकी बाहेर. सस्पेन्शनमधून आवाज येतो म्हणून गेलं की तिथला ठरलेला संवाद असा: "सर, लोअर आर्म दोन्ही, लिंक रॉड दोन्ही, माउंट दोन्ही, अलाइनमेंट." विचारलं नक्की कशातून आवाज येतोय, तर "सेट बदलला की आवाज जाईल." एक रबरी बुश गेला असेल तर पूर्ण आर्म. खराब काम करतात असं नाही, पण शोधून दुरुस्त करण्यापेक्षा बदलून मोकळं होणं त्यांना परवडतं. पैसे आपले.

आणि पार्ट स्टॉकमध्ये नसला की "जर्मनीहून येतोय". तोवर ओला-उबरचा खर्च कोणी धरत नाही. घरात दुसरी गाडी आहे हे तुमचं नशीब. ज्यांची ही एकुलती एक गाडी असणार त्यांना मी विषयच काढू देत नाही.

ऑइलपाना

कुर्ल्याचा सीएसटी रोड आणि ऑपेरा हाऊस, दोन्हीकडे माल मिळतो. पण काय घ्यायचं ते माहीत हवं. गाडी बनवणारी कंपनी सगळे पार्ट स्वतः बनवत नाही. सस्पेन्शन आर्म लेमफोर्डरचा, शॉकॲब्सॉर्बर झाक्सचा, फिल्टर माह्लेचा, इंजेक्टर बॉशचा. तोच आर्म लेमफोर्डरच्या खोक्यात घेतला तर शोरूमपेक्षा बराच स्वस्त पडतो. कधी कधी त्यावर गाडीचा लोगो घासून काढल्याची खूण दिसते, घाबरू नका, तो तोच आहे. ऑर्डर देताना चासी नंबरवरून पार्ट नंबर काढून द्या. "ऑक्टाव्हियाचा द्या" म्हटलं की चुकीचा येणार, कारण एकाच वर्षात दोन-दोन प्रकार असतात.

भंगारातून काच, दार, बंपर, सीट, आरसा बिनधास्त घ्या. सेन्सर, कूलंट पंप, ब्रेकचं काही, चुकूनही नको. इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल भंगारातलं आणलं तर नुसतं लावून चालत नाही, कोडिंग लागतं, आणि काही मॉड्यूल दुसऱ्या गाडीत स्वीकारलीच जात नाहीत. साधी बॅटरीसुद्धा बीएमडब्ल्यूमध्ये बदलली की गाडीला कळवावं लागतं, नाहीतर चार्जिंग चुकतं आणि नवी बॅटरी लवकर बसते. म्हणून मेकॅनिक निवडताना हात किती काळे आहेत ते बघा, आणि लॅपटॉप कुठला आहे तेही.

लिनियाप्रेमी

फियाटवाल्यांची आठवण कोणाला? कंपनीने २०१९ मध्ये इथे गाड्या विकणं बंद केलं. १.३ मल्टीजेटचं इंजिन स्विफ्ट डिझेलमध्येही होतं म्हणून इंजिनाचं काम कुठेही होतं. पण लिनियाचा मागचा बंपर शोधून दाखवा. मी तर हल्ली कोणाची लिनिया रिव्हर्स घेत असेल तर स्वतः उतरून हात दाखवतो, एक बंपर तरी वाचेल.

सायन_सर्कल

ई२० पेट्रोलचं (वीस टक्के इथेनॉलवालं) काय? २०१४ची टर्बो पेट्रोल घेतली तर?

ऑइलपाना

एप्रिल २०२३ पासूनच्या नव्या गाड्यांचं सामान ई२० साठी धरून केलेलं असतं. त्याआधीच्यांचं पेट्रोलच्या झाकणाच्या आत किंवा मॅन्युअलमध्ये बघा, बऱ्याच जणींवर ई१० लिहिलेलं सापडेल. लगेच काही फुटत नाही. ॲव्हरेज थोडं कमी होतं. इथेनॉल पाणी ओढतं, म्हणून टाकी अर्धी ठेवून महिनोन् महिने गाडी उभी करू नका. दहा वर्षं जुन्या रबरी नळ्या दर सर्व्हिसला बघून घ्या. पेट्रोलचा वास आला तर 'उद्या बघू' नाही.

बीएस६ डिझेल घेणाऱ्यांना वेगळा ताप, डीपीएफचा, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा. काजळी जाळायला गाडी सलग वेगात काही वेळ पळावी लागते. अंधेरी ते बीकेसी करणाऱ्याची ती कधी जळतच नाही. दर पंधरवड्याला एकदा गाडी ठाण्यापलीकडे नेऊन आणा, नाहीतर दिवा लागला की माझ्याकडे या.

चौथा_गिअर

एवढं सगळं वाचून कोणीही सायकल घेईल. जरा मधलं सांगा की.

ऑइलपाना

मधलं आहे ना. फोक्सवॅगन व्हेंटो किंवा स्कोडा रॅपिड, १.६ पेट्रोल, मॅन्युअल. टर्बो नाही, डीएसजी नाही, डायरेक्ट इंजेक्शन नाही. दार तसंच धप्प वाजतं. पाच लाखांच्या आत चांगली मिळते. ॲव्हरेज शहरात रडकं, ते सोसा. किंवा थोडं थांबून २०२१ नंतरची कुशाक, स्लाव्हिया, व्हर्टस जुन्या बाजारात स्वस्त होऊ द्या. त्यांत ९५ टक्क्यांपर्यंत सुटे भाग इथले असल्याचं कंपनी सांगते, त्यामुळे जर्मनीहून येतोयचं रडगाणं कमी. पण साडेसातात आज सहज नाही बसायच्या.

थ्री सीरीज, सी-क्लास ज्याला हौसच आहे त्याने घ्यावी. हौसेला मोल नाही हे मी कोण सांगणार, माझं घर त्यावर चालतं. फक्त कर्ज काढून घेऊ नका.

आकडेमोडे

आणि कागद. सरकारच्या 'वाहन' पोर्टलवर मालक, कर्जाचा बोजा आणि विमा तपासा, ई-चलन वेगळं बघा. बँकेचा बोजा असेल तर तो उतरवायचा फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी हातात आल्याशिवाय टोकन देऊ नका. ट्रान्स्फरचे २९ आणि ३० नंबरचे फॉर्म डीलर "करून देतो" म्हणतो, आरसीवर आपलं नाव येईपर्यंत पाठपुरावा करा. डीलरने वेगळा जीएसटी लावला तर विचारा कशावर. १८ टक्के त्याच्या नफ्याच्या फरकावर असतो, गाडीच्या पूर्ण किमतीवर नाही. दहा-अकरा वर्षांची गाडी घेताय तर १५ वर्षं भरली की नोंदणीचं नूतनीकरण, फिटनेस, पर्यावरण कर हे तुमच्याच गळ्यात येणार, तेही लक्षात असू द्या.

बेस्टचा_प्रवासी

अपडेट. काल ऑफिसातून परस्पर मालाडला गेलो. सांगितलं, गाडी सकाळपासून सुरू करू नका, थंड इंजिनवर बघायची आहे. पोचलो तर बॉनेट हात लावल्यावर गरम. "साहेब, एसी चेक करत होतो." म्हटलं, स्कॅनर लावायला माझा माणूस आणू का? तर म्हणाला, "गाडी बघा ना साहेब, कॉम्प्युटर कशाला बघता?" सीटबेल्ट ओढला, स्वच्छ होता. चासी नंबरवरून सर्व्हिस रेकॉर्ड काढलं तर चार वर्षांपूर्वीच ९१ हजार किमी. मीटरवर आज ७०.

डीलरला दाखवलं. तो म्हणाला, "मग पन्नास हजार कमी करू?"

रातांबा

मीटर अजून दहा हजाराने कमी करतील, विचारून बघा.

चौथा_गिअर

या डीलरमुळे गाडी वाईट ठरत नाही. चांगली शोधा, मिळते.

बेस्टचा_प्रवासी

बरोबर आहे. दहिसरला एक रॅपिड १.६ मॅन्युअल सापडली आहे, मालक स्वतः विकतोय, सगळी बिलं फाइलमध्ये लावून ठेवलीत. शनिवारी बघायला जातोय. ऑइलपाना दादा, तुम्ही बरोबर याल का? जे काय चार्ज असेल ते देईन.

ऑइलपाना

शनिवारी दुपारी तीननंतर. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. मालकाला आत्ताच सांगून ठेवा, सकाळी दुधाला पण गाडी काढायची नाही.

हिंदमाता_हाऊसबोट

दादा, साकीनाक्याचा पत्ता मलाही व्यनि करा. परवापासून डाव्या मागच्या दरवाजाची काच आपोआप खाली जायला लागली आहे.